यंत्राला नाव विचारलं तर

इंटेल किंवा एएमडीच्या कुठल्याही आजच्या प्रोसेसरला त्याचं नाव विचारता येतं. सीपीयूआयडी नावाची इन्स्ट्रक्शन आहे. ईएएक्स रजिस्टरमध्ये शून्य ठेवून ती चालवली की रोमन लिपीतली बारा अक्षरं परत येतात, चार-चारच्या तीन तुकड्यांत. एकाचं उत्तर ‘जेन्युइनइंटेल’, दुसऱ्याचं ‘ऑथेंटिकएएमडी’. हे तुकडे ईबीएक्स, ईडीएक्स, ईसीएक्स अशा वाकड्या क्रमानं येतात. त्यामुळे पहिल्यांदा हा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या पडद्यावर हमखास ‘जेनुन्टेलाइनआय’ उमटतं आणि तो तासभर स्वतःची चूक शोधत बसतो.

नवल नावाचं नाही, परवानगीचं आहे. ही इन्स्ट्रक्शन चालवायला ॲडमिन असावं लागत नाही, ऑपरेटिंग सिस्टिमला विचारावं लागत नाही. सगळ्यात खालच्या दर्जाचा, कालच इंटरनेटवरून उतरवलेला प्रोग्रामसुद्धा थेट सिलिकॉनशी बोलतो. हे बरं की वाईट, यावर सोलापुरात एका मामा-भाचीची जुंपली होती, त्याची ही गोष्ट. मामा अशोक चौकाजवळ राहतात. टॉवेल-चादरीच्या कारखानदारांना सुताचा साठा, मजुरी, बिलं यांचं सॉफ्टवेअर करून देणं हा त्यांचा धंदा. भाची पुण्यात हिंजवडीला व्हर्च्युअल मशीनवर काम करते आणि गड्ड्याच्या यात्रेला म्हणून आली होती. मी मामांचा शेजारी. मधे मधे तोंड घातलं, ते इथेही घालणार आहे.

मामा: मशीन गिऱ्हाइकानं पैसे मोजून घेतलेलं, प्रोग्राम मी लिहिलेला. मग प्रोसेसरला चार गोष्टी विचारायला मधे दुसरं कोण कशाला पाहिजे? आम्ही कॉलेजात ८०८५ च्या किटवर शिकलो. बटण दाबलं की मेमरीतला आकडा समोर. लपवाछपवी नव्हती.

भाची: लपवणार कुणापासून, मामा? त्या किटवर एका वेळी एकच प्रोग्राम चालायचा, तोही तुम्हीच हातानं भरलेला.

मामा: मान्य. पण पुढं पहारे बसवले ते इंटेलनंच ना? आणि त्याच इंटेलनं सीपीयूआयडी पहाऱ्याच्या बाहेर ठेवली. काहीतरी विचार केला असेल की.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. ८०८५ आला १९७६ मध्ये. १९८२ च्या ८०२८६ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत अधिकाराच्या चार पायऱ्या आल्या, शून्य ते तीन. शून्यावर ऑपरेटिंग सिस्टिमचा कर्नल आणि तीनवर तुमचे-आमचे प्रोग्राम. (सोलापुरात वाढलेल्या अच्युत गोडबोले यांचं ऑपरेटिंग सिस्टिम्सवरचं पाठ्यपुस्तक इंजिनिअरिंगच्या कितीतरी पोरांनी वाचलं, पण पायऱ्यांचा हा विषय परीक्षेपुरता पाठ करून सोडून देण्याचीच आपल्याकडे रीत.) सीपीयूआयडी आली १९९३ च्या पेंटियमबरोबर आणि उशिराच्या काही ४८६ चिपांत. त्याआधी प्रोसेसर ओळखायला प्रोग्रामर मंडळी आडून डाव टाकत. फ्लॅग रजिस्टरची वरची चार घरं पुसून बघायची. पुसली जातच नसतील, तर हा ८०८६. अठराव्या क्रमांकाचं घर बदलता आलं, तर निदान ४८६. गंमत म्हणजे सीपीयूआयडी आहे की नाही, हेही असंच ओळखायचं होतं: एकविसावं घर बदलून पाहा, बदललं तर विचारायला हरकत नाही.

मामा: ते डाव आम्ही टाकलेत. म्हणून सांगतो, थेट विचारायची सोय झाली हे बरं झालं. आपल्या जेकार्डच्या कार्डासारखं आहे ते. या जागी भोक आहे का नाही? असेल तर धागा वर उचल, नसेल तर राहू दे. प्रोसेसर एक बत्तीस घरांची पट्टी देतो, प्रत्येक घर म्हणजे एक कसब. एव्हीएक्स आहे? मग जलद मार्ग घे. नाही? मग जुना मार्ग. हे न विचारता जलद मार्ग घेतला तर प्रोग्राम तिथंच मरतो, ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखानदारांकडं दहा-दहा वर्षं जुनी मशीनं आहेत पोरी. न विचारून कसं चालेल?

भाची: विचारा ना, कोण नको म्हणतंय. पण फक्त प्रोसेसरला विचारलंत तर अर्धंच उत्तर मिळतं. एव्हीएक्स २०११ मध्ये आलं. त्याची रजिस्टरं आधीपेक्षा रुंद. एका प्रोग्रामवरून दुसऱ्यावर जाताना ती जपून ठेवायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमचं. विंडोज ७ ला ते सर्व्हिस पॅक १ आल्यावर जमायला लागलं. मग नवा प्रोसेसर आणि सर्व्हिस पॅक न टाकलेलं विंडोज ७, अशा मशीनवर तुमचं भोक दिसतं, पण धागा उचलणारं कोणी नाही.

मामा: ते माहितीय. त्याला दुसरं घर बघायचं असतं, ओएस-एक्ससेव्ह. ते एक असेल तर मग एक्सगेटबीव्ही ही इन्स्ट्रक्शन चालवायची.

भाची: म्हणजे प्रोसेसर तुम्हाला सांगतोय, “कर्नलनं परवानगी दिलीय का बघ.” कर्नल मधे आलाच. बरं, २०२१ च्या अखेरीस आलेली बाराव्या पिढीची चिप घ्या. एकाच चिपमध्ये मोठे कोअर आणि छोटे कोअर. एव्हीएक्स-५१२ चं कसब मोठ्यांत होतं, छोट्यांत नव्हतं. प्रोग्रामनं मोठ्या कोअरवर असताना विचारलं, ‘आहे’ असं उत्तर आलं, आणि पुढच्या मिलिसेकंदाला शेड्युलरनं त्याला उचलून छोट्यावर बसवलं तर?

मामा: तर मेला.

भाची: म्हणून इंटेलनं ते कसब अधिकृतपणे बंदच ठेवलं. थेट विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तरसुद्धा किती वेळ खरं राहील, हे कर्नललाच ठाऊक.

माझ्या मते इथवर दोघं एकाच बाजूला होते, फक्त आवाज चढलेले होते. ‘तुला काय करता येतं?’ हा प्रश्न सगळ्यांना खुला असावा, यात वाद नाही. मामा थेट विचारतात, भाची कर्नलला सोबत घेऊन विचारते. खरी ठिणगी पडली ती दुसऱ्या प्रश्नावर.

मामा आपलं सॉफ्टवेअर एका मशीनला बांधून देतात. एकानं विकत घ्यायचं आणि शेजारच्या चार कारखान्यांनी पेन ड्राइव्हवरून फुकट वापरायचं, हे त्यांनी पुष्कळ सोसलंय. पूर्वी अशा कामाला डोंगल असे. श्रीलिपी वापरणाऱ्या जुन्या डीटीपीवाल्यांना संगणकाच्या मागे खोचलेला तो हार्डवेअर लॉक आठवत असेल. डोंगलचा खर्च परवडेना, तेव्हा मामांनी विंडोजमध्ये ‘प्रोसेसर आयडी’ म्हणून जो सोळा अक्षरी आकडा मिळतो, तो कुलपासाठी घेतला.

भाची: मामा, तो आकडा त्या चिपचा नाही, त्या जातीचा आहे.

मामा: म्हणजे?

भाची: सीपीयूआयडीला ‘एक’ विचारलं की दोन गोष्टी येतात: प्रोसेसरची पिढी-मॉडेल आणि कसबांची पट्टी. विंडोज त्या दोन्ही शेजारी-शेजारी ठेवून त्याला प्रोसेसर आयडी म्हणतं. एकाच मॉडेलच्या लाखो चिपांचा आकडा एकच. तुमच्या एखाद्या कारखानदारानं एकाच लॉटमधली पाच मशीनं घेतली असतील, तर तुमचं एक कुलूप पाचही ठिकाणी उघडतंय.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग हसले आणि म्हणाले, “म्हणूनच त्या पाच जणांची कधी तक्रार आली नाही.”

मामा: पण मग प्रत्येक चिपला खरा नंबर का देत नाहीत? मोटारीला चेसिस नंबर असतो, मोबाइलला आयएमईआय असतो.

भाची: दिला होता की! पेंटियम थ्री, १९९९. शहाण्णव बिटांचा सीरियल नंबर, त्यातला चिपचा स्वतःचा भाग सीपीयूआयडीला ‘तीन’ विचारलं की मिळायचा. जानेवारीत इंटेलनं जाहीर केलं आणि अमेरिकेत खासगीपणासाठी लढणाऱ्या संघटनांनी बहिष्काराची हाक दिली. कारण साधं होतं. कुठल्याही प्रोग्रामला न विचारता वाचता येणारा, कधीच न बदलणारा नंबर म्हणजे माणसाच्या पाठीवर चिकटवलेला नंबर. इंटेलनं आधी तो बंद करून विकायचं ठरवलं, आणि पुढच्या प्रोसेसरांतून काढूनच टाकला.

मामा: माझं नुकसान झालं त्यात.

भाची: तुमचं झालं, जाहिरातवाल्यांचंही झालं. मोबाइलवर तेच. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून साध्या ॲपला आयएमईआय वाचताच येत नाही.

मामांचं दुखणं खरं आहे, आणि सोलापुरात एकट्यानं सॉफ्टवेअर विकणाऱ्या माणसाला कायद्याचा आधार किती मिळतो, हे मला माहीत आहे. तरी या मुद्द्यावर मी भाचीच्या बाजूचा. ‘काय येतं तुला?’ आणि ‘तू नेमका कोण?’ हे एकाच इन्स्ट्रक्शनला वेगळे आकडे देऊन विचारता आले, एवढ्यानं ते एका जातीचे प्रश्न होत नाहीत. पहिल्याशिवाय प्रोग्राम चालत नाही. दुसऱ्याशिवाय तो मजेत चालतो, फक्त विकणाऱ्याची झोप उडते.

खरं तर नाव विचारण्यातही खोट निघालेली आहे, आणि हा किस्सा दोघांनाही ठाऊक होता. इंटेलच्या कंपायलरनं बनवलेले प्रोग्राम सुरू होताना बारा अक्षरं तपासत. उत्तर ‘जेन्युइनइंटेल’ असेल तरच जलद मार्ग. एएमडीच्या प्रोसेसरात तीच सगळी कसबं असली तरी त्याला जुन्या मार्गानं पाठवलं जाई. डेन्मार्कचे अग्नेर फॉग यांनी हे वर्षानुवर्षं मांडलं. २०१० मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी इंटेलनं जी तडजोड केली, तीत कंपायलरचा हा स्वभाव गिऱ्हाइकांना उघड सांगण्याची अट होती.

भाची: म्हणून म्हणते, जात विचारू नका, येतं काय ते विचारा.

मामा: वा! वाक्य चांगलंय. पण उत्तर देणारा खोटं बोलत असला तर? तुझ्या पुण्यातल्या सर्व्हरवर माझा प्रोग्राम टाकला होता मी. सीपीयूआयडीला शून्य विचारलं, इंटेल म्हणाला. आणि वरच्या एका आकड्यावर विचारलं तर काय म्हणाला माहितीय? ‘केव्हीएमकेव्हीएमकेव्हीएम’!

भाची: ते आमचंच काम. व्हर्च्युअल मशीनमध्ये सीपीयूआयडी चालवली की इंटेलचा प्रोसेसर ती स्वतः पुरी करत नाही. तो थांबतो आणि ताबा हायपरव्हायजरकडे, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामकडे देतो; केव्हीएम हा त्यातलाच एक. काय उत्तर द्यायचं ते हायपरव्हायजर ठरवतो.

मामा: म्हणजे मी सिलिकॉनला विचारतोय असं मला वाटतं, आणि उत्तर देतोय एक प्रोग्राम. याला फसवणूक म्हणतात.

भाची: का फसवणूक? दहा सर्व्हर आहेत, पाच जुने, पाच नवे. तुमचं चालू मशीन बंद न करता रात्री एकावरून दुसऱ्यावर हलवायचंय. तुमच्या प्रोग्रामनं नव्या सर्व्हरचं कसब बघून ठेवलं आणि पहाटे तो जुन्यावर गेला, तर मघाचंच. म्हणून सगळ्यांना सगळ्यात जुन्याचंच उत्तर द्यायचं.

मामा: आणि ज्यानं नव्याचे पैसे भरलेत तो?

याला भाचीकडे चोख उत्तर नव्हतं. ‘तसा पर्याय निवडता येतो’ एवढंच म्हणाली. पण तिनं त्यामागचा सिद्धांत सांगितला, तो मला फार आवडला. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी लिहून ठेवलंय, की एका यंत्रात दुसरं यंत्र नीट उभं करायचं असेल, तर यंत्राची खरी अवस्था उघडी पाडणारी किंवा बदलणारी प्रत्येक इन्स्ट्रक्शन पहाऱ्याच्या आत हवी. पेंटियममध्ये ही अट मोडणाऱ्या सतरा इन्स्ट्रक्शन निघाल्या. त्यातली एक, एसआयडीटी, हिच्या जोरावर योआन्ना रुत्कोव्स्का यांनी २००४ मध्ये ‘आपण खऱ्या मशीनवर आहोत की खोट्या’ हे ओळखणारा काही ओळींचा प्रोग्राम लिहिला, ‘रेड पिल’ नावाचा. पुढे त्या भोकांना बुचं बसवावी लागली.

भाची: रिस्क-फाइव्ह रचनेचे प्रोसेसर करणाऱ्यांनी हे आधीच नीट केलंय. मद्रास आयआयटीचा शक्ती घ्या, नाहीतर सी-डॅकचा वेगा. निर्माता कोण, रचना कुठली, ही रजिस्टरं सगळ्यात आतल्या पायरीवरच वाचता येतात. साध्या प्रोग्रामनं हात लावला की इल्लीगल इन्स्ट्रक्शन. माहिती हवी तर कर्नलला विचारा. लिनक्समध्ये २०२३ पासून त्यासाठी वेगळा सिस्टिम कॉल आहे.

मामा: म्हणजे कायमचा मधला माणूस.

भाची: हो. उत्तराची जबाबदारी घेणारा मधला माणूस.

मामा: मधल्या माणसाला माहीतच नसलेलं नवं कसब चिपमध्ये आलं तर? कर्नल जुना, चिप नवी. मी कर्नल बदलायची वाट बघत बसू? सीपीयूआयडीत तसं नाही. चिप आली त्या दिवशी विचारता येतं.

हा टोला बसला. भाचीनं चहा घेतला.

मग गोष्ट उन्हाळ्यावर आली. सोलापूरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. पारा चाळीसच्या वर जाऊन तिथंच मुक्काम करतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये पत्र्याखाली ठेवलेला संगणक आणि हवेत सुताचे बारीक तंतू. ते पंख्याच्या पात्यांना गुंडाळतात, जाळी बुजवतात. प्रोसेसर तापला की आपणहून वेग कमी करतो, आणि कारखानदार मामांना फोन करतो, “तुमचं सॉफ्टवेअर मंद चालतंय.” मामांनी म्हणून आपल्या प्रोग्राममध्ये तापमान दाखवायची सोय केली. इंटेलच्या चिपमध्ये प्रत्येक कोअरचं तापमान सांगणारं एक रजिस्टर असतं, आणि ते सरळ अंश सांगत नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, तेवढं सांगतं. उत्तर शून्य आलं की समजायचं, मर्यादा गाठली.

भाची: पण ते रजिस्टर आरडीएमएसआरनं वाचायचं. ती इन्स्ट्रक्शन फक्त शून्याच्या पायरीवर चालते. तुम्ही विंडोजवर कसं वाचता?

मामा: एक तयार ड्रायव्हर मिळतो. तो आत बसतो, मी बाहेरून सांगतो हे रजिस्टर वाच, तो वाचून देतो.

भाची: कुठलंही रजिस्टर?

मामा: कुठलंही.

भाची: लिहितोही?

मामा: लिहितो की.

भाची: आणि कोणीही सांगितलं तरी?

इथे मामांना प्रश्न कळला. विनरिंगझिरो नावाचा असाच ड्रायव्हर कितीतरी तापमान-पंखा दाखवणाऱ्या प्रोग्रामांत वर्षानुवर्षं वापरला गेला. तो बसवला की चोरट्या प्रोग्रामलाही तेच दार मिळतं, शून्याच्या पायरीपर्यंतचं. २०२५ च्या मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टच्या डिफेंडरनं त्याला धोकादायक ठरवून अडवायला सुरुवात केली. एका रजिस्टरातले सात बिट वाचायला आख्खी भिंत पाडली, असा तो प्रकार.

भाची: नुसतं वाचणंही निरुपद्रवी नसतं. लिनक्समध्ये प्रोसेसरनं किती ऊर्जा खाल्ली हा आकडा पूर्वी कोणालाही वाचता यायचा. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ग्राझच्या संशोधकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी दाखवलं, की नुसता तो आकडा पुन्हा पुन्हा वाचून शेजारच्या प्रोग्रामच्या गुप्त किल्ल्या काढता येतात. प्लॅटिपस म्हणतात त्या हल्ल्याला. तेव्हापासून तो आकडा फक्त रूटला, म्हणजे लिनक्सच्या ॲडमिनला.

मामा: शेजारचा प्रोग्राम म्हणजे कोण? माझ्या कारखानदाराच्या मशीनवर माझं सॉफ्टवेअर, एक ब्राउझर आणि पोराचा एक गेम. तुझ्या सर्व्हरवर एकमेकांना न ओळखणारे शंभर भाडेकरू आहेत. तुमच्या भाडेकरूंची भांडणं मिटवायला केलेला नियम माझ्या शेडला कशाला? ज्याचं मशीन त्यालाच त्याचा ताप कळू नये?

भाचीनं ब्राउझर आणि गेम या दोन शब्दांवर बोट ठेवलं, आणि ते बरोबरच होतं. पण मामांच्या बोलण्यातलं वजन मला त्यानं कमी झाल्यासारखं वाटलं नाही. ‘आत्ता तुझ्या आत काय चाललंय?’ हा तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड. यंत्राच्या मालकाला त्याचं उत्तर मिळालंच पाहिजे आणि यंत्रावरच्या परक्या प्रोग्रामला मिळता कामा नये, आणि प्रोसेसरला मालक कोण हे कळत नाही. त्याला फक्त पायरी कळते.

भाची: एक करता येईल. ड्रायव्हर साधा करू. रजिस्टर नंबर घेणारच नाही, लिहिणार तर मुळीच नाही. एकच काम, तापमान. वर एक छोटी सर्व्हिस, तीच ड्रायव्हरशी बोलेल. तुमचा प्रोग्राम सर्व्हिसला विचारेल, ती एक आकडा देईल.

मामा: चालेल. पण त्या सर्व्हिसला विचारणारा प्रोग्राम माझाच, हे ती कशावरून ओळखणार?

भाची: कुठल्या यूजरखाली चालतोय ते बघेल.

मामा: कारखान्यात एकच यूजर आहे पोरी. ॲडमिन. मुकादम, मेहता, मालकाचा पोरगा, सगळे त्याच्यातच बसतात. पासवर्ड नाही.